डोळे बघणाऱ्या मॅडम

"बघ इकडं. माझ्याकडं नाही, उजेडाकडं."

आमच्या लॅबमध्ये हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू व्हायचा नाही. सकाळी मॅडम दारातच उभ्या असायच्या. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. येणाऱ्याची हनुवटी दोन बोटांनी वर करायची, तोंड खिडकीकडं वळवायचं, मग त्याच्या कपाळावर हाताची सावली धरून डोळ्यांतल्या बाहुल्या बघायच्या. सावलीत बाहुली मोठी झाली की "जा आत." समोर कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. एकदा पुण्याहून तपासणीसाठी आलेल्या एका बड्या साहेबांची हनुवटी त्यांनी अशीच धरली. साहेब टाय सावरत इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मॅडम म्हणाल्या, "चष्मा काढा की." साहेबांनी मुकाट्यानं काढला. आमच्या सुरक्षेबद्दल त्यांनी फार चांगला शेरा दिला, पण पुढच्या वर्षी दुसऱ्याच साहेबांना पाठवलं.

आमची लॅब सोलापुरात, होटगी रोडला. डाळिंबं, द्राक्षं परदेशी जाण्याआधी त्यांच्यावर फवारणीच्या औषधाचा किती अंश उरलाय हे आम्ही तपासतो. हे लोक दिवसभर डाळिंबं खात बसत असतील, असा बाहेर एक समज आहे. माझ्या सासुरवाडीत तो अजूनही पक्का आहे. पण फळावरचं विष ओळखायचं तर तुलनेसाठी अस्सल विष जवळ ठेवावं लागतं. तपकिरी काचेच्या लहानशा कुप्यांत ते कुलपाच्या फ्रीजमध्ये असतं. त्यातलं सगळ्यांत वाईट खानदान ऑर्गॅनोफॉस्फरसचं. दुकानात मिळणारं औषध कशात तरी कालवलेलं असतं, आमच्याकडचं निर्भेळ. कातडीवर पडलं तर आग होईलच असं नाही, वास येईलच असंही नाही. गुपचूप आत शिरतं.

मॅडम या कुप्यांना 'पाव्हणे' म्हणायच्या. "पाव्हण्यांचा मान ठेवायचा, सलगी करायची नाही," असं नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायच्या. हे विष शरीरात काय करतं, हे आम्ही एम.एस्सी.ला पानंच्या पानं लिहून पास झालो होतो. मॅडम ते एका दमात सांगायच्या. "नसांमधून निरोप जातो तेव्हा नळ सुटतो. तो बंद करायला अंगात एक माणूस ठेवलेला असतो, कोलिनेस्टरेज नावाचा. हे विष त्या माणसालाच बांधून घालतं. मग घाम, लाळ, डोळ्याचं पाणी, पोट, सगळे नळ सुटलेले, आणि बंद करायला कुणी नाही." चार दिवसांनी पाणी येणाऱ्या सोलापूरच्या माणसाला नळाचं उदाहरण दिलं की वेगळं काही समजवावं लागत नाही.

त्यांचा दुसरा कायदा हातमोज्याचा. हूडमधून, म्हणजे पंख्यानं हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटातून, एखादी कुपी बाहेर न्यायची असेल तर मोजा एकाच हातात राहील. दुसरा हात उघडा. मोज्याच्या हातात कुपी धरायची, उघड्या हातानं दार उघडायचं. "एक हात विषाचा, एक हात माणसाचा. विषाच्या हातानं दाराची कडी धरलीस तर उद्या ती कडी चहावाला धरणार." मॅडम स्वतः लॅबच्या बोळातून चालल्या की मोज्याचा हात अंगापासून दूर, आशीर्वाद देत निघाल्यासारखा.

आमच्यात लावण्या नावाची मुलगी नवी लागली होती. शहराच्या पूर्व भागातली, घरी टॉवेलचे माग, घरात बोलणं तेलुगू. पहिल्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला आणि तिनं मोज्याच्या हातानं मोबाईल कानाला लावला. मॅडम ओरडल्या, "साकु!" त्या अक्कलकोटकडच्या, राग आला की त्यांचं कन्नड बाहेर पडायचं आणि 'पुरे' म्हणजे काय ते आम्हाला तेवढ्यानं कळायचं. त्यांनी नवा मोजा चढवला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत टाकला, लावण्याला बेसिनकडं पिटाळलं आणि पिशवीतल्या फोनकडं वाकून म्हणाल्या, "लावण्याची आई का? पोरगी कान धुतीय. नंतर करा."

असं वाचून तुम्हाला वाटेल, बाई खाष्ट असणार. होत्याच. पण एकदा मंगळवेढ्याकडचे एक म्हातारे शेतकरी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीतून त्यांनी अर्धी भरलेली, लेबल फाटलेली बाटली काढली. "म्याडम, ह्यात काय हाय ते जरा बगा की. लई उग्र वास मारतंय, फवारावं का न्हाय?"

मॅडमनी बाटलीकडं पाहिलंही नाही. पिशवीकडं बघत विचारलं, "जेवण कुठं ठेवलंय?"

"हितंच की. भाकरी हाय, चटणी हाय."

"एकाच पिशवीत?"

"व्हय. दुसरी कुटली आणायची?"

मॅडमनी बाटली तपासायला ठेवून घेतली आणि ती भाकरी पिशवीसकट विषारी कचऱ्यात घातली. म्हातारा हळहळला, अन्न टाकणं त्याला बघवेना. मग त्यांनी त्याला साबणानं हात धुवायला लावले, स्वतःचा डबा उघडून पुढं ठेवला आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. त्या दिवशी मॅडम आमच्यातच जेवल्या, म्हणजे प्रत्येकाच्या डब्यातला एकेक घास. माझ्या बायकोच्या भाजीला मीठ कमी आहे, हेही सांगितलं.

ही सगळी धास्ती कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी पूर्वी कॉलेजात शिकवायचो म्हणून त्या मला मास्तर म्हणायच्या. तरुणपणी त्या इकडच्याच एका कीटकनाशकांच्या कारखान्यात होत्या. तो केव्हाच बंद पडलाय. तेव्हा पिपेटच्या नळीतून द्रव तोंडानं ओढायचे. सगळेच ओढायचे. एका मे महिन्यात त्यांच्या मैत्रिणीच्या अ‍ॅप्रनवर काहीतरी सांडलं. तिनं पुसून टाकलं आणि काम करत राहिली. दुपारी ती घामाघूम झाली, उलट्या सुरू झाल्या.

"सोलापूरचा मे, मास्तर. सगळे म्हणाले, ऊन लागलं. मीपण म्हणाले. कैरीचं पन्हं पाजलं, कांदा हुंगवला, पंख्याखाली झोपवलं. अ‍ॅप्रन तसाच अंगावर. तेवढा तरी काढायचा ओ आम्ही! दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. त्यांनी अ‍ॅट्रोपिनचा उतारा सुरू केला, पण फार उशीर झाला होता."

तेव्हापासून लॅबमध्ये कुणी 'ऊन लागलं' म्हटलं की मॅडम जागच्या उठायच्या. आमच्या गावात उन्हाळ्यात घाम न येणारा माणूसच आजारी म्हणायचा. त्यामुळं मे महिना हा त्यांच्या सगळ्यात काळजीचा महिना.

मालकांशी भांडून त्यांनी रक्ताचा नियमही आणला होता. नोकरीला लागतानाच रक्त तपासून प्रत्येकाचा कोलिनेस्टरेजचा आकडा ठेवायचा. पुढं अधूनमधून पुन्हा तपासायचं. आपल्याच आकड्याच्या बराच खाली गेला, तर तो वर येईपर्यंत हूडपाशी पाऊल टाकायचं नाही. कुणीही असो. मालक म्हणाले, "अहो, लॅब आहे की रक्तपेढी?" पण नियम झाला.

आणि हूडपाशी बसणं हाच तर त्यांचा जीव होता. हूडच्या काचेआड काट्यावर शुद्ध विष तोलायचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमलं नाही. चमच्याच्या दांड्यावर तर्जनीनं हलकेच टिचकी मारायच्या, कण पडायचा, आकडा थांबायचा. तोलताना कन्नडमधलं काहीतरी गुणगुणायच्या. तेवढा वेळ त्यांचा चेहरा इतका निवांत असायचा, की आम्ही हाक मारायचं टाळायचो.

मग तो मे महिना आला. नमुने कमी होते, उन्हानं डांबर वितळत होतं. एका सकाळी मॅडम दारात आल्या त्या भिजलेल्या पदरानं तोंड पुसतच. माझी हनुवटी धरली, पण बोटं घामानं निसटत होती. मी विचारलं, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "काही नाही ओ. जरा ऊन लागलंय. पन्हं घेते, बरं वाटेल."

मी मान हलवून आत निघालो होतो. मागून येणारी लावण्या मात्र थांबली. "मॅडम, काय म्हणालात?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं. कपाळावर हाताची सावली धरली. सगळ्यांचे डोळे बघणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. लावण्यानं सावली तशीच धरून ठेवली. बाहुली मोठी होईना.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांना कळलं होतं. आमची गाडी सात रस्ता चौकाच्या गर्दीतून दवाखान्यात पोचेपर्यंत लावण्या त्यांचा हात धरून बसली होती आणि मॅडम तिला सांगत होत्या, डॉक्टरांना पहिल्यांदा काय सांगायचं. त्यांचे कपडे बदलून, अंग धुऊन निघायला त्यांनी आम्हाला विसरू दिलं नव्हतं, त्या अवस्थेतही.

जिवावरचं बोटावर निभावलं. पण रक्ताचा आकडा पार खाली गेला होता. असं झालं कसं? हूडचा पंखा नीट होता, मोजे नीट होते. शेवटी त्यांनीच सांगितलं. मुदत संपलेल्या कुप्या आणि जुनी द्रावणं रिकामी करण्याचं काम त्या कुणालाच देत नसत. माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन एकट्याच करायच्या, गेली कित्येक वर्षं, आणि त्या सकाळीही, आम्ही यायच्या आत. तिथं हूड नाही, पंखाही नाही, आणि मे महिन्यात पत्रा असा तापतो की खोलीत उभं राहवत नाही.

"अहो, पण का?" मी जवळजवळ ओरडलोच.

"ह्या पोरींना अजून लेकरं व्हायचीत, मास्तर. तुम्हाला लहान मुलं. माझ्यामागं कोण आहे? म्हटलं, मी करते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "चुकलं माझं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला घरी बसवलं असतं."

रक्ताचा तो रिपोर्ट आधी त्यांच्याच हाती आला होता. परवान्याची तपासणी तोंडावर होती आणि तोलायला त्यांच्यासारखा हात नव्हता. मालक स्वतः खाली आले. म्हणाले, "तपासणी होईस्तोवर बसा मॅडम. रिपोर्ट राहू द्या बाजूला. कुणाला कळणार आहे?" खरं सांगायचं तर, त्यांनी हो म्हणावं असं मलाही वाटत होतं. त्या नसलेली लॅब मला कल्पनेतही नको होती.

मॅडमनी रिपोर्ट नोटीसबोर्डावर लावला आणि टाचणी नीट दाबली. "मला कळलंय की," म्हणाल्या, आणि हूडच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पुढचे कित्येक आठवडे त्या तिथंच बसायच्या. काचेपलीकडं लावण्या, अलीकडं त्या. "मनगट टेकव. श्वास रोखू नको. बोट सैल." आकडा हळूहळू वर येत होता. प्रत्येक तपासणीच्या दिवशी त्या आंघोळ करून, नवी साडी नेसून यायच्या. पण डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, पुन्हा या कामाला हात लावायचा नाही. त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो तर कप तसाच हातात धरून म्हणाल्या, "मला आत जायचंय ओ मास्तर. दुसरं काही येत नाही मला." मीही त्यांच्याशेजारी बसून राहिलो.

त्यांनी कलबुर्गीला बहिणीकडं जायचं ठरवलं. निरोपाच्या दिवशी भजी आणली होती, शाल होती, मालक भाषण पाठ करून आले होते. लावण्या मात्र आत काचेआड तोलत बसलेली. मालक म्हणाले, "तिला बोलवा." मॅडम म्हणाल्या, "मध्येच उठवू नका." काचेला जवळजवळ कपाळ टेकवून त्या उभ्या राहिल्या. आत लावण्यानं चमच्यावर टिचकी मारली, की बाहेर मॅडमची तर्जनी हलायची.

आकडा थांबला. लावण्यानं कुपी बंद केली, मान वर केली आणि काचेपलीकडं मॅडमना पाहून तिला रडूच कोसळलं. ती उठली आणि तशीच दाराकडं धावली, अंगात अ‍ॅप्रन, हातांत मोजे.

मॅडमनी तळहात वर केला. "तिथंच थांब."

लावण्या थांबली. मोजे उलटे करून काढले. अ‍ॅप्रन काढला. बेसिनपाशी गेली, साबण घेतला. बाहेर रिक्षा येऊन उभी होती, कलबुर्गीच्या गाडीची वेळ होत आली होती. लावण्याला घाई झाली होती, पाण्याखाली हात नुसते भिजवून ती वळणार, तोच मॅडम म्हणाल्या, "नखांत. कोपरापर्यंत. नीट धू."

त्यांचेही डोळे वाहत होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. लावण्याला जवळ घ्यायला पुढं केलेले हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

"सावकाश धू गं. मी आहे की इथंच."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.