बत्तीस आऱ्यांचा तिरंगा

पंचवीस जानेवारीला सकाळी खामगावहून मेहकरची एसटी धरली ती फिरायला नाही, स्वतःची चूक मोजायला.

झालं असं. ऑगस्टात लोणारला निघालो आणि नेहमीप्रमाणे मधेच सुलतानपूरजवळच्या एका वस्तीवर रमलो. तिथल्या शाळेच्या मॅडमनी दोन दिवस जेवू घातलं, मी शाळेच्या भिंतीवर तिरंगा रंगवून दिला. परवा मोबाईलवर सहज वाचलं: आधीच्या झेंड्यावर चरखा होता, तो मागून उलटा दिसला असता, म्हणून नुसतं चक्र घेतलं, दोन्हीकडून सारखं. आरे चोवीस.

चोवीस? त्या भिंतीचा मी काढलेला फोटो मोठा करून पाहिला. धूसर होता, पण आरे जरा जास्तच दाट वाटले.

मेहकरला गाडी बदलावी लागते. स्टँडबाहेरचा आलूबोंडा चुकवू नका, वीस रुपयांत पोट भरतं. माझा अर्धा हातातच राहिला. शेजारचे आजोबा म्हणाले, "पोट दुखते काय बे?" मी उरलेला बोंडा कागदात गुंडाळला. सरळ लोणारलाच उतरावं, असंही दोनदा मनात आलं.

शाळेसमोर उभा राहून मोजले. बत्तीस. उलट्या दिशेने मोजले. तरी बत्तीस.

"तू? आता काऊन आला?" मॅडम बाहेर आल्या. मी सांगितलं. त्यांनीही बोट लावून मोजले आणि पायरीवर बसल्या. "उद्या झेंडावंदनाले तालुक्याचे साहेब येतात. पोरं पाच महिने याच्यातच पाहून चित्र काढून राह्यले. मले वाटलं, तुले येते."

समोर बैलबंडीचं चाक ठोकणारे गजाननकाका सुतार उठून आले. "आखला कसा होता?"

"चक्राच्या काठाएवढी दोरी घेतली. अर्धी दुमडली, परत अर्धी..."

"मंग सोळा येतील, नाहीतं बत्तीस! चोवीस जन्मात येणार नाही. इकडं पाह्य. मधातून काठापर्यंतची दोरी काठावर सरळ ताणत गेलं तं बरोबर सहा वेळा बसते. सहाचे कर बारा, बाराचे चोवीस. बंडी कधी पाह्यली नाही काय बे?"

मधला भाग पांढरा केला. तो वाळेना. मॅडम दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन आधी भिंत बघत, मग सूर्य. तीन वाजता निळा लावायला घेतला, दिवस मावळताना काम संपलं. काकांनी मोजले, मॅडमनी मोजले. चोवीस.

सकाळी झेंडा फडकला. सगळ्यांची नजर त्याच्यावर, मॅडमची आणि माझी भिंतीवर. तिरप्या उन्हात पांढऱ्याखालून जुने आरे पुसट वर आले होते. साहेबांनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि भाषणाचा कागद काढला.

"मले दिसून राह्यले," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुले?"

"हाव, मॅडम."

लोणार अर्ध्या तासावर होतं, तरी सरळ घरी आलो. जेवणाच्या ताटावर दोरी लावून बघतो: सहा. दर वेळी सहाच. पण "मले वाटलं, तुले येते" काही डोक्यातून जात नाही. लोणारला निघालात तर त्या भिंतीपाशी थांबू नका एवढ्यात. पांढऱ्याचा डबा आणलाय, रविवारी दुसरा हात मारून येतो.