तुरळक ठिकाणी

आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई रंभाजी दिवसातून एकदाच गावाशी बोलायचा, तोही भोंग्यातून. एरवी त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे खोल आडातून पाणी शेंदायचं. माझं शिवणकामाचं दुकान पंचायतीच्या समोरच, त्यामुळे त्याचा सकाळचा क्रम मला पाठ होता. आठ वाजता तो आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, डोळा रेषेपाशी नेऊन बघायचा आणि वहीत मिलिमीटर लिहायचा. मग मोबाईलवर आलेला हवामानाचा अंदाज कागदावर उतरवून भोंग्यावर वाचायचा. मिरजगावच्या बाजूचं आमचं कोरडं गाव. इथे पाऊस मोजायला माणूस ठेवणं म्हणजे टकल्याला कंगवा, असं मी त्याला चिडवायचो. तो नुसता हसायचा.

चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, परतीच्या पावसाचे दिवस होते. त्या सकाळी त्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस.' पण लाईट जायची वेळ झाली होती. घाईघाईत तो एवढंच बोलला, "आज तुरळक पाऊस हाय." लगेच भोंगा बंद पडला.

तुरळक म्हणजे थोडा, चार थेंब. सगळ्या गावाने तसंच ऐकलं. रंभाजीचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त सहादेव, त्यानेही तसंच ऐकलं आणि शेरडं घेऊन माळावर गेला. तीनच्या सुमाराला माळावर एकच काळा ढग उभा राहिला. सहादेव तिथल्या एकुलत्या एका लिंबाखाली आडोशाला थांबला. वीज त्याच लिंबावर पडली.

तेव्हा गावात ऊन होतं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता रंभाजीने पर्जन्यमापक उघडला, तर आत टिपूस नव्हता. नियमाप्रमाणे त्याला वहीत शून्य लिहावं लागलं. शून्य काढायला माणसाला किती वेळ लागू शकतो, ते त्या दिवशी मी मशीन थांबवून बघत होतो.

नंतर त्याने तो कागद मला दाखवला. "'ठिकानी' राह्यलं रं माझं. निस्तं तुरळक म्हनलो." तो कृषी सहायकाला गाठून सगळं नीट विचारून आला. तुरळक ठिकाणी म्हणजे थोड्याच गावांत, पण ज्या गावात पडेल तिथे धो धो. सकाळचं ऊन जमीन तापवतं, ओली गरम हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग डोंगरासारखा वर वाढत जातो. आडव्या पसरलेल्या ढगाचं फारसं भय नसतं, वीज असते ती या उभ्या ढगात. आणि ती सहसा उंच जागा धरते. माळावर झाडाएवढं उंच दुसरं काय असणार?

त्या दिवसापासून रंभाजी अंदाजाच्या शेवटी रोज एक वाक्य जोडू लागला. "तुरळक म्हंजी थोडा न्हवं, थोड्या ठिकानी. जिथं पडंल तिथं लई पडंल." अंदाज कोरडा असला तरी हे वाक्य ठरलेलं. गावाला काय, चेष्टेला निमित्तच हवं. चहाच्या टपरीवरची माणसं त्याच्या सुरात सूर मिसळून ते म्हणायला लागली. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

सहादेवची बायको साळूबाई दिसली की रंभाजी वाट बदलायचा. तिने एकदा तरी 'तुमचा दोष न्हाई' म्हणावं, यासाठी तो झुरत होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि मान फिरवली.

गेल्या सप्टेंबरात साळूबाई स्वतःच पंचायतीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. रंभाजी धडपडत उठला. "वहिनी, या."

"भाऊजी, तुमचा दोष न्हाई. म्या कवाच तुमाला दोष दिला न्हाई."

रंभाजी मटकन पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. साळूबाई मात्र तशीच उभी होती.

"पर ते रोजचं बोलनं आता बंद करा. तुमी म्हनता, जिथं पडंल तिथं लई पडंल, आन मला रोज त्यो लिंब दिसतो. चार वर्सं झाली, सकाळची भाकर तव्यावर करपती माझी."

"म्या पाप फेडत हुतो, वहिनी."

"तुमचं फिटलं आसंल. माझं रोज नव्यानं सुरू हुतंय."

रंभाजीने हात जोडले. चार वर्षं तो मनातून जिची माफी मागत होता, तिलाच रोज सकाळी डागण्या देत होता. आणि आम्हाला त्यात गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाशेजारच्या टपरीवर चहा घेत होतो आणि साळूबाई पंचायतीसमोरच्या नळावर कळशी भरत होती. भोंगा सुरू झाला. "आज तुरळक ठिकानी पावसाची शक्यता हाय." एवढं बोलून रंभाजी थांबला. भोंग्यातून नुसती घरघर येत राहिली.

तेवढ्यात टपरीवरून सात-आठ जणांनी हसत हसत पुढचं पुरं केलं, "तुरळक म्हंजी थोडा न्हवं! जिथं पडंल तिथं लई पडंल!" तोंडाला चार वर्षांचं वळण पडलेलं होतं.

साळूबाईने अर्धी भरलेली कळशी तशीच उचलली आणि ती घराकडे गेली. रंभाजी खिडकीतून टपरीकडे बघत होता. खरं तर तो माझ्याकडे बघत होता. काल सगळं कानांनी ऐकलेला मी एकटाच होतो, आणि आज सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.