पहिला थेंब पुसायचा राहिला

"सर, ही पळून राह्यली का फिरून राह्यली?" बलिरामनं माझ्याजवळ जीप थांबवून विचारलं.

घनसावंगीहून जांब समर्थकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची बायको सविता आमच्यापुढे शंभरेक मीटरवर पळत होती. इतकी सावकाश, की देवळाकडे पायी निघालेल्या दोन बायकांनी तिला पायाला काही लागलंय का म्हणून विचारलं होतं. हा वेग मीच ठरवून दिला होता.

मी लांब पल्ल्याच्या धावपटूंचा कोच आहे. सविता एकोणतीस वर्षांची, गावातल्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. दहा किलोमीटर पळायची. तिची वेळ एक्केचाळीस मिनिटांवरून त्रेचाळीसवर घसरली होती. जिल्ह्याच्या संघाची निवड अकरा आठवड्यांवर आल्यावर ती माझ्याकडे आली. यंदा झालं तर झालं, नाहीतर बंद, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं.

तोवर तिचा कोच बलिराम होता. तो याच रस्त्यावर प्रवासी जीप चालवतो. सकाळच्या पहिल्या फेरीआधी तो जीप घेऊन तिच्यामागे जायचा. डॅशबोर्डवरच्या मोबाईलमध्ये वेग दिसायचा. तो ताशी तेराच्या खाली गेला की हॉर्न. रोज, एकही दिवस सुट्टी नाही.

मी आधी तिची लॅक्टेट टेस्ट घेतली. जोरात पळताना स्नायूंमध्ये लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. हळू पळत असलो तर शरीर तो लगेच वापरून टाकतं. एका वेगाच्या पुढे मात्र तो साठत जातो आणि थोड्याच वेळात माणूस गळतो. बलिरामला मी सांगितलं, "स्टँडवर माणसं येतात तेवढ्या जीपा सुटल्या तर गर्दी होत नाही. येणारी माणसं वाढली आणि जीपा तेवढ्याच राहिल्या, की गर्दी. ती जिथून सुरू होते, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात."

"बराबर," तो म्हणाला.

टेस्ट साधी असते. छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधायचा. चार-चार मिनिटं पळवायचं, दर टप्प्याला वेग वाढवायचा आणि मध्ये बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मीटरच्या पट्टीवर लावायचा. सविताचा थ्रेशोल्ड आला मिनिटाला एकशे बावन्न ठोक्यांवर. कमी वाटला. पण ती रोजच्या पळण्यानं थकलेली होती, म्हणून मी तो धरून चाललो. रोजचं पळणं एकशे पस्तीसच्या खाली, आठवड्यातून दोनदा एकशे बावन्नपर्यंत, असा कार्यक्रम लिहून दिला.

तिनं तो तीन आठवडे तंतोतंत पाळला. पाच किलोमीटरची वेळ घेतली, तर एक सेकंदही कमी झाला नव्हता.

त्यानंतरच्या जोराच्या दिवशी मी स्कूटरवरून तिच्या बाजूनं गेलो. तिच्या मनगटावरच्या घड्याळात ठोके एकशे बावन्न. ती मला नणंदेच्या लग्नातली जेवणाची पंगत कशी उशिरा बसली ते सांगत होती. सगळं, न थांबता.

मी स्कूटर थांबवली. थ्रेशोल्डवर पळणाऱ्याला चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही. म्हणजे आकडा चुकीचा होता.

"सविता, तुला हे सोपं जातंय?"

"पहिल्या दिवसापासून, सर."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं हाताचा घाम पुसला. मग म्हणाली, "एक सांगू का? त्या दिवशी माझी बोटं घामानं ओली होती. तुम्ही पहिलाच थेंब पट्टीला लावला. आमच्या लॅबमधी बोट कोरडं करतो, पहिला थेंब पुसून टाकतो, मंग दुसरा घेतो. मला वाटलं, तुमच्यात असंच राहत असंल. तुम्हाला कसं सांगायचं?"

घामातही लॅक्टेट असतं, रक्तापेक्षा बरंच जास्त. ओल्या बोटावरचा थेंब घेतला की लॅक्टेटचा आकडा फुगतो आणि थ्रेशोल्ड खऱ्यापेक्षा कमी ठोक्यांवर आल्यासारखा दिसतो. मला हे माहीत होतं. ऊन होतं, घाई होती, दर वेळी पुसायचं राहिलं.

दोन दिवसांनी पुन्हा टेस्ट घेतली. या वेळी सुई तिनंच टोचली, बोटही तिनंच पुसलं. मी फक्त मीटर धरला. थ्रेशोल्ड आला एकशे बहात्तरवर.

संध्याकाळी बलिरामला स्टँडवर गाठून चूक माझी आहे हे सांगितलं. प्रवासी बसले होते. त्यानं जीप सुरू केली नाही.

"मंग तीन हप्ते वाया गेले."

"गेले असं मलाही वाटलं होतं. पण रोज सकाळी अंथरुणात ती नाडी मोजून लिहिते. चौसष्ट होती, छप्पन्नवर आली आहे. म्हणजे थकवा उतरला. तिला विसावा हवा होता. तो माझ्या हुशारीमुळे नाही, चुकीमुळे मिळाला."

"म्हणजे हॉर्न मी जास्त वाजवला," तो म्हणाला.

उरलेले आठ आठवडे चार दिवस सावकाश, दोन दिवस थ्रेशोल्डवर आणि एक दिवस सुट्टी. जीप मागे नाही.

निवडीच्या दिवशी ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या होत्या. पहिल्या पंधरा फेऱ्या एकशे चौऱ्याहत्तरच्या वर जायचं नाही, पुढे तुझं तू बघ, एवढंच मी सांगितलं. दहाव्या फेरीला ती नववी होती. बलिराम कुंपणाला धरून उभा होता. सोळाव्या फेरीपासून तिनं एकेकीला गाठायला सुरुवात केली. शेवटच्या फेरीला पाचवी. संघात चौघी घेणार होते. वळणावर तिनं पुढचीला बाहेरून ओलांडलं. चाळीस मिनिटं अडतीस सेकंद. पाचवी आलेली तिच्यामागे दोन सेकंदांवर होती.

सविता गवतावर बसली. बलिरामनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला वाकला. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

माझ्या टेस्टच्या तक्त्यात पूर्वी वेग, ठोके आणि लॅक्टेट असे तीन रकाने होते. आता चौथाही आहे: खेळाडू काय म्हणतो. तो मी आधी भरतो.