आत्याच्या हातचे स्पीकर

समजा, लांबच्या प्रवासाची एक भलीमोठी मोटरसायकल तुमच्यासमोर उभी आहे. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांना सामानाच्या दोन पेट्या आहेत. त्यांची झाकणं प्लास्टिकची, जेवणाच्या डब्याच्या झाकणापेक्षा थोडीच जाड. आणि तुमच्या हातात एक नवाकोरा स्पीकर आहे. पुढून पाहिलं तर बशीएवढा, पण मागचं लोहचुंबक असं वजनदार की हात आपोआप खाली जातो. तो तुम्हाला त्या झाकणात बसवायचा आहे. खड्डे, ऊन, पाऊस, झाकणाची रोजची उघडझाप आणि खुद्द स्पीकरची धडधड, एवढं सगळं सोसूनही तो जागचा हलता कामा नये. कुठून सुरुवात कराल?

बहुतेक जण चार स्क्रू घेतात आणि प्लास्टिकमध्ये पिळतात. गॅरेजच्या मालकानंही तेच केलं होतं.

गॅरेजचा हा मालक म्हणजे आत्याचा सख्खा भाचा. आत्या त्याच्या गॅरेजात सीट शिवायची. एका कोपऱ्यात तिचं शिवणयंत्र, बाजूला रेक्झिनचे गुंडाळे आणि खिळ्याला टांगलेली कात्री. त्या कात्रीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. उमेदीची सगळी वर्षं तिनं थंडीचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा भाच्यानं तिला यंत्रासकट गॅरेजात आणलं. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "नवरा एवढी वर्षं बिनबोभाट चालला असता का? यंत्र चाललं."

नम्रपणा आत्याच्या गावी नव्हता. तिनं शिवलेल्या प्रत्येक सीटच्या खालच्या कडेला लाल दोऱ्याचे दोन टाके असत. रस्त्यानं जाताना ती उभ्या गाड्यांच्या सीटखाली वाकून बघायची आणि लाल टाके दिसले की सोबतच्या माणसाला म्हणायची, "बघ, आपली आहे." सोबत कुणी नसलं तर स्वतःलाच सांगायची.

तर त्या दिवशी ड्रायव्हरसाहेब आणि काकू गॅरेजात आले ते उजव्या बाजूचा स्पीकर पिशवीत घालूनच. ड्रायव्हरसाहेबांनी जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही मोटरसायकल घेतली आणि मागे बायकोला, म्हणजे काकूंना, बसवून फिरायला सुरुवात केली.

"बसमधल्या पन्नास माणसांना यांनी आयुष्यभर गाणी ऐकवली," काकू म्हणाल्या. "मी मागे बसले की मला नुसता वारा. पुढचे स्पीकर यांच्यासाठी आणि यांच्या हेल्मेटची मागची बाजू माझ्यासाठी. म्हणून मागे मोठे बसवून घेतले, तर हा घाटातच लोंबकळायला लागला. वायरीला धरून. घरापर्यंत मांडीवर घेऊन आले मी त्याला, तान्ह्या बाळासारखं."

भाच्याचा चेहरा पडला. स्क्रू शाबूत होते, प्लास्टिकची भोकं मात्र फाटून गेली होती. ड्रायव्हरसाहेब सारखे सांगत होते की आता महिन्याभराचा मोठा दौरा काढायचा आहे, काकूंना समुद्रापासून डोंगरापर्यंत सगळं दाखवायचं आहे, तेही गाण्यांसकट.

"साहेब, नवी झाकणं मी मागवून देतो," भाचा म्हणाला, "पण स्पीकर नको. हे काम आपलं नाही."

"मी लावते," कोपऱ्यातून आवाज आला.

भाचा हसला. आत्या हसली नाही. तिनं यंत्र थांबवलं, हे बघून त्याचंही हसू ओसरलं.

"आत्या, सीट वेगळी आणि हे वेगळं."

"मग शिकेन. तुला काय जन्मतःच पाना धरता येत होता? रांगतानासुद्धा उलटा जायचास तू."

शेवटी त्यानं अट घातली. "एकदाच. पुन्हा सुटला तर तू तुझी सीट शिवायची, आणि या गॅरेजात स्पीकरचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल. आणि नाही सुटला तर यापुढे स्पीकरचं काम माझं. माझ्या खुणेनं."

फाटलेलं जुनं झाकण सरावाला होतंच. आत्यानं चार नवी भोकं पाडली, बोल्ट घातले, नट लावले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळले. सीटवर रेक्झिन ताणताना जे घट्ट ते चांगलं, हीच तिची रोजची सवय होती. चौथ्या नटाला टक् आवाज आला आणि भोकापासून कडेपर्यंत सरळ तडा गेला. भाचा पलीकडे कार्बोरेटर उघडत होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचे खांदे हलताना तिला दिसले. आत्यानं झाकण बाजूला सारलं आणि यंत्र सुरू केलं.

दुपारी एक जण चामड्याचं जाकीट घेऊन आला. बटण तुटलंय, लावून द्या म्हणाला. आत्यानं बघितलं तर बटण अखंड होतं, दोराही अखंड होता. फाटलं होतं ते चामडं, बटणाखालच्या अंगचं. बटण चामड्याचा एक तुकडा घेऊनच लोंबत होतं.

ती जाकीट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मग खुदकन हसली.

जड कोटाला मोठं बटण लावायचं तर आतल्या बाजूला एक छोटं चपटं बटण ठेवतात. दोरा दोन्हींतून जातो आणि ओढ कापडावर न येता त्या आतल्या बटणावर येते. शिवाय वरचं बटण कापडाला चिकटवून आवळत नाहीत. कापड दबू नये म्हणून दोघांच्या मध्ये दोऱ्याची बारीकशी मान ठेवतात. अशी हजारो बटणं तिनं लावली होती. आणि इथे झाकण म्हणजे कापड, स्पीकर म्हणजे बटण, एवढं साधं तिला सकाळी सुचलं नव्हतं.

तिनं ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खडूनं गोल आखला आणि भाच्याकडून प्रत्येक झाकणासाठी एकेक कडं कापून घेतलं. हे झालं झाकणाच्या आतलं छोटं बटण. चारही भोकांत तिनं लोखंडी नळीचे बारीक तुकडे घातले. गॅरेजात त्यांना बुश म्हणतात. नट आवळला की जोर बुशवर येणार, प्लास्टिकवर नाही. ही झाली दोऱ्याची मान. मध्ये रबर, वर आतून नायलॉन बसवलेले, आपोआप न सुटणारे नट. झाकण उघडताना वायर ताणली जाऊ नये म्हणून बिजागरीपाशी तिला सैल वेटोळं दिलं, बाहीला काखेत सैलपणा ठेवतात तसं. नवी झाकणं आल्यावर तिनं हेच सगळं त्यांत बसवलं आणि भाचा ते उलटसुलट करून बघत राहिला.

"बुश तुला कुणी सांगितला?"

"कोटानं."

शेवटी आत्यानं भाच्याच्या बायकोची लाल नेलपॉलिश मागवली आणि प्रत्येक नटावरून खालच्या कड्यापर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटणार. मग ती स्वतः मागच्या सीटवर बसली, दोन्ही तळवे मागे झाकणांवर ठेवले आणि भाच्याला गावातल्या सगळ्यात वाईट रस्त्यानं गाडी घ्यायला लावली. गाणं पूर्ण आवाजात होतं. चौकात लोक वळून बघत होते आणि आत्या वरातीतल्या नवरदेवाच्या तोऱ्यात बसली होती.

दौरा सुरू झाला. भाचा मधूनमधून चिडवायचा, "फोन करून विचारू का गं, काकूंच्या मांडीवर काही आहे का?" आत्या म्हणायची, "विचार ना. मला गरज नाही." पण फोन वाजला की तिचं यंत्र थांबायचं.

धुळीनं माखलेली गाडी परत आली तेव्हा काकू गुणगुणतच खाली उतरल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग चांगलाच रापला होता. "ताई," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा असं झालं की आम्ही दोघं एकच गाणं ऐकत होतो. हे पुढे सूर सोडायचे, मी मागून धरायचे."

"आणि डोंगरातल्या रस्त्याला रस्ता म्हणायची लाज वाटावी," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "माझा आरसा गळून पडला. तुमचे स्पीकर होते तिथे आहेत."

आत्यानं नुसती मान हलवली. पण तिची मान त्या दिवसापुरती जरा लांब झाल्यासारखी दिसत होती. तिनं ओलं फडकं घेतलं, झाकणं उघडली आणि धूळ पुसून एकेक रेघ बघितली. भाचा तिच्या खांद्यावरून बघत होता.

"सगळ्या सरळ," तो म्हणाला. "मानलं, आत्या. उद्यापासून स्पीकर तुझे. पाटीवर लिहून घेतो."

"मोठ्या अक्षरांत," आत्या म्हणाली. मग तिनं त्याचा हात धरून खाली ओढला. "पण नीट बघ. उजवं झाकण, खालचा मागचा नट."

भाचा वाकला. तिथली रेघ केसभर सरकली होती. तिनं दाखवली नसती तर त्याला आयुष्यात दिसली नसती.

"एवढं चालतं गं. घट्टच आहे तो."

"घट्ट आहे ते मलाही कळतंय." तिनं काकूंकडे बघितलं. "उजवी पेटी जास्त उघडायचात का?"

"छे, डावीच. माझं सगळं सामान डावीत होतं."

"धुराची नळी उजवीकडे आहे का, साहेब? उष्णतेनं?"

"दोन्हीकडे आहे."

आत्यानं दोन्ही झाकणं आळीपाळीनं निरखली. तेच कडं, तेच बुश, तोच हात. डावीकडचा त्याच जागेवरचा नट रेघेला रेघ जुळवून बसला होता. पाटीची अक्षरं कुठल्या रंगात हवीत ते भाचा विचारत होता, काकू चहा घ्यायला बोलावत होत्या. आत्या बोटानं ती लाल रेघ चाचपत तिथेच बसून राहिली.

"मग हा एकटाच का फिरला?"