सर्व्हरमधले मामंजी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच लग्न जमवलं, आणि तेही वारल्यानंतर.

राजारामपुरीत आमचं वधू-वर सूचक केंद्र होतं. (चालवायची मी, पाटीवर नाव नवऱ्याचं.) दोन हजार सालाच्या आसपास आम्ही एका बंद पडलेल्या पतसंस्थेचा जुना सर्व्हर स्वस्तात उचलला आणि मामंजींच्या रिकाम्या खोलीत ठेवला. सगळी स्थळं त्याच्या पोटात. पण फोटो साठवायला लागल्यापासून त्याला धाप लागायची. नवरीचा फोटो भांगापासून हनुवटीपर्यंत उतरेतो मुलाची आई चहा संपवून चपला घालायची! मेमरी वाढवणं भाग होतं.

गडमुडशिंगीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दिलीप मेस्त्रीला सवड मिळाली ती नेमकी पितृपक्षात, मामंजींच्या श्राद्धाच्या दिवशी.

"पक्षात नवी वस्तू घरात आणतीस व्हय गं?" सासूबाई कडाडल्या.

"नवी कुठं, आई? बोटाएवढी पट्टी आहे. तीही वापरलेली."

"कुणी वापरलेली?"

मी दिलीपला आत घेऊन सर्व्हरची खोली दाखवली.

दुपारी आभाळ असं भरून आलं की घरात दिवे लावावे लागले. गच्चीवर पान ठेवलं. कठड्यावर कावळे ओळीनं बसले, माना वाकड्या करून बघत राहिले, पण एकही पुढं येईना. ओरडतही नव्हते.

"सुनंदात जीव अडकलाय त्यांचा," सासूबाई म्हणाल्या.

सुनंदा माझी धाकटी नणंद. शिरोळच्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्या एका मुलाशीच लग्न करीन म्हणून वर्षभर अडून बसली होती. मुलगा चांगला होता, पण पत्रिका अजिबात जुळत नव्हती, आणि नाही म्हणणारी मी! गावाला पत्रिका जुळवून देणारीच्या घरात बिनजुळणीचं लग्न? केंद्राला टाळंच लागलं असतं.

तेवढ्यात खालून आवाज आला. लांब, बारीक, विव्हळल्यासारखा. थांबला. पुन्हा आला.

खाली धावलो. सर्व्हरचं झाकण उघडं, आत एक हिरवा दिवा लुकलुकतोय, पडदा काळाठिक्कर. दिलीप भिंतीला टेकून उभा.

"वहिनी, पट्टी बसवली, बटण दाबलं, आन् हे रडाय लागलं!"

"मग बंद कर की!"

"केलतं दोनदा. आपआपच चालू हुतंय!"

मी स्वतः बटण दाबलं. शांत झालं. मी विजयी मुद्रेनं मागं वळले, आणि माझ्या पाठीमागं मशीनचा पंखा हळूच फिरायला लागला. घसा खाकरल्यासारखा आवाज करत. मामंजी बोलायच्या आधी अगदी असंच खाकरायचे. आणि मग ते विव्हळणं.

मी प्लगकडं हात नेला. सासूबाईंनी मनगट धरलं.

"सासऱ्याचा गळा दाबतीस?"

"आई, मशीन आहे ते!"

"मग खोलीत त्यांच्या मफलरीचा वास कसा येतोय?"

तापलेल्या धुळीचा वास होता तो. असणारच. पण मलाही मघापासून मफलरच आठवत होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

कावळा शिवत नाही म्हटल्यावर माणसं जे करतात तेच आमच्याकडं सुरू झालं, फक्त पिंडाऐवजी सर्व्हरपुढं. नवऱ्यानं हात जोडले. "दादा, तंबाखूचा मावा सोडतो!"

विव्हळणं वाढलं.

"खोटं बोलतोयस ते कळतंय त्यास्नी!" सासूबाईंनी लेकाला बाजूला सारलं. "अवो, तुमची सायकल मीच भंगारात घातली. चोरीला गेली न्हवती. पदरात घ्या."

पुन्हा तेच. दिलीपनं न विचारताच पुढं होऊन बिलात सूट जाहीर केली. तरी तेच! सुनंदा दारात उभी. ती नुसती माझ्याकडं बघत होती. मग सगळेच माझ्याकडं बघायला लागले. खिडकीत एक कावळा येऊन बसला. तोसुद्धा!

मी ओरडले, "बरं बाबा! शिरोळच्या मुलालाच देते सुनंदाला! पत्रिका गेली खड्ड्यात! झालं समाधान?"

विव्हळणं तिथंच तुटलं.

मग पडद्यावर उजेड आला आणि आकडे सरसर चढायला लागले. मेमरी मोजली जात होती, जुनी-नवी सगळी. गच्चीवरून एकदम कावकाव ऐकू आली. सासूबाई वर जाऊन आल्या.

"पान साफ झालं," म्हणाल्या, आणि डोळे पुसत सुनंदाला जवळ घेतलं.

मी दिलीपला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग. काय झालं?"

"पट्टी नीट बसली नसंल, वहिनी. हादऱ्यानं बसली."

"कसला हादरा? कुणी हात तरी लावला का?"

"तुमी वरडला की!"

मार्गशीर्षात लग्न झालं. मांडवात जो तो विचारत होता, "वहिनी, गुण किती जुळले?" मी प्रत्येकाला जिलेबी वाढत होते. केंद्राला टाळं लागलं नाही. उलट पत्रिका न जुळणारी पोरंपोरी आपापल्या आईबापांना ओढत आमच्याकडं आणायला लागली, मशीनपुढं उभं करायला. सुनंदाचा संसार आजही उत्तम चाललाय.

मी भुताखेतांवर काडीचा विश्वास ठेवत नाही. पुढं नवे कॉम्प्युटर आले, सर्व्हरचं काम संपलं, भंगारवाला दोनदा दारातून परत गेला. "त्यात आता काय आहे?" नवरा विचारतो. काहीच नाही. फक्त त्या खोलीत जाताना मी डोक्यावरून पदर घेते, एवढंच.