गुत्र्यांचा इस्त्रीवाला

अकरा वर्षं मी दोहाला एका लाँड्रीत गुत्रे इस्त्री केले. गुत्रा म्हणजे अरब पुरुष डोक्यावर घेतात ते मोठं पांढरं चौकोनी कापड. अंगातल्या पायघोळ झग्याला थोब म्हणतात. थोब कुणीही इस्त्री करावा, सरळ काम. गुत्रा मात्र खळीत बुडवून असा कडक करायचा की कपाळावर मधोमध खाच उभी राहिली पाहिजे. कुणाला ती खोल हवी, कुणाला उथळ. गिऱ्हाइकांची तोंडं मला आठवत नाहीत, कपाळं मात्र पाठ होती.

गुत्रा जागेवर राहावा म्हणून वरून काळं दुहेरी कडं बसवतात, ते अगाल. एकदा गावी, पोशीरला घरी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मागे एक गिऱ्हाईक उभं होतं. वडील मोठ्याने म्हणाले, "डोक्याला काय रं, गुराचं दावं बांधलंय त्यानं?" मी घाबरून फोन बंद केला, जसं काही त्या अरबाला मराठी येत होतं! पुढे एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने सांगितलं, पूर्वी असल्याच दोरीने उंटाचे पाय बांधायचे. म्हणजे भातशेती सोडून कुठे न गेलेल्या माणसाने बरोबर ओळखलं होतं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

ईद आठ दिवसांवर असताना वडील गेले. लाँड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. मालक माणूस वाईट नव्हता, ईद झाली की जा म्हणाला. चुलतभावाने फोनवर विचारलं, "थांबायचं का रं तुझ्यासाठी?" मी नको म्हटलं. अग्नी त्यानेच दिला. त्या दिवशी मी नेहमीसारखेच गुत्रे केले, एकही तक्रार आली नाही. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लाजही वाटली नाही, काहीच वाटलं नाही. ईद झाल्यावर मालकाने आठवण करून दिली, तर मीच म्हटलं, आता जाऊन काय करू?

चार महिन्यांनी नोकरी सोडून घरी आलो. आई गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून समोरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. मग तिने पेटीतून वडिलांची पांढरी टोपी काढली. मयताचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून तेराव्याला सगळे देऊन टाकले होते. ही एवढी तिने माझ्या काकांची बोलणी खाऊन लपवली होती.

"तुझ्यासाठी ठेवली रं," ती म्हणाली. "तुला बघायला मिळालं नाय ना त्यांना."

टोपी घामाने पिवळी पडली होती. मी बरं म्हटलं आणि खुंटीला लावली.

सकाळी आई शेतावर गेली आणि मी टोपी धुवायला घेतली. ठरवून नव्हे. जित्याची खोड. डाग घासून काढले, भाताच्या पेजेची खळ केली, शेजारून इस्त्री आणली. एक सुरकुती म्हणून ठेवली नाही. एवढी कडक टोपी वडिलांनी लग्नातही घातली नसेल. खरं सांगतो, कित्येक महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

आई आली. टोपी हातात घेऊन तिने उलटसुलट केली. मला वाटलं, छान म्हणेल.

"त्यांची चिमटी कुठं गेली?"

वडील टोपी घालता-काढताना पुढून चिमटीत धरायचे. धरून धरून तिथे कापडाला खळगा पडला होता. मला तो दिसला होता. सुरकुती म्हणून दिसला, आणि मी काढून टाकला.

"कर परत," आई म्हणाली. ओरडली नाही. "तुला येतं ना रं ते काम."

मी पाणी शिंपडलं, अंगठा आणि बोट लावून मधोमध दाबलं.

"तसं नाय."

जरा डावीकडे सरकवलं.

"नाय रं."

"मग कुठं धरायचे ते?" मी विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. पोटचा पोरगा हे विचारतोय, हे तिला खरंच वाटेना. मग तिने टोपी माझ्या हातातून काढून घेतली, ओलीच पदराखाली धरली आणि आत गेली.

हल्ली गावाजवळच दहिवलीत माझं इस्त्रीचं दुकान आहे, चांगलं चालतं. ती टोपी माझ्यासाठी ठेवलेली होती. आईने ती मला परत दिली नाही, आणि मीही मागितली नाही.