जुन्या स्कॅनरचे नाव

ज्योत्स्नाबाई काल वारल्या.
आमचा संगणक त्यांनी बिघडवला नव्हता.

इंटरनेटवरच्या या पानावर मारुंजीतील आमच्या वधू-वर सूचक मंडळाचे बहुतेक सभासद आहेत. त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावे.

ज्योत्स्नाबाई यवतमाळकडच्या. हिंजवडीच्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांचे बिघडलेले संगणक दुरुस्त करून देणे, ही त्यांची नोकरी. आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षे भाड्याने राहिल्या. त्यानंतर गावी परतल्या. तेथे कावीळ झाली, ती त्यांनी अंगावर काढली. त्यांच्या भावाचा काल दूरध्वनी आला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट.

मी मंडळाचा अध्यक्ष असल्यामुळे मंडळाचा संगणक माझ्याच घरी, ओटीवर असे. सर्व स्थळांची माहिती व छायाचित्रे त्यातच होती. मेळावा आठ दिवसांवर आला होता.

शनिवारी ज्योत्स्नाबाईंनी आपला कॅमेरा जोडून मंडळाच्या कार्यक्रमाचे फोटो संगणकात घालून दिले. संगणक उत्तम चालला.

रविवारी मी नवा स्कॅनर आणला. जुना भंगारात दिला. नवा मी स्वतः जोडला, कोणालाही विचारले नाही.

त्यानंतर संगणक सुरू होईना. निळा पडदा येई, विझे, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पुन्हा निळा पडदा.

संध्याकाळी कार्यकारिणी स्थळांची यादी घेण्यास आली. मी सांगितले, "काल भाडेकरू बाईंनी कॅमेरा लावला होता. तेव्हापासून असे झाले आहे."

हे वाक्य मी पूर्ण विचार करून उच्चारले होते.

मंडळी गेल्यावर सौ. म्हणाली, "आवं, त्याच पोरीला हाक मारा की. का त्वांड शिवलंय तुमचं?"
मी हाक मारली नाही. तिने मारली.

सोमवारी सकाळी कामावर जाण्यापूर्वी ज्योत्स्नाबाई खाली आल्या. ओटीवरचे बोलणे जिन्यावर ऐकू येते; आदल्या संध्याकाळचे माझे वाक्य त्यांनी ऐकले असणार. त्यांनी तो विषय काढला नाही.

प्रथम त्यांनी नव्या स्कॅनरची वायर काढली. फरक पडला नाही.
मग सुरू होतानाच F8 दाबून संगणक 'सेफ मोड'मध्ये नेला. तेथे तो सुरू झाला.

"काका, म्हणजे मशीन चांगली आहे. वरून टाकलेलं काहीतरी अडून राहिलं. जुना स्कॅनर कुठे आहे?"

"भंगारात दिला."

"डबा गेला हो. पण त्याचा ड्रायव्हर आत बसून आहे ना!"

स्कॅनरशी कसे बोलायचे हे संगणकाला शिकवणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर, हे त्यांनी मला समजावले. मग पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ टंकलिखित केली, आणि संगणकाला जोडलेल्या यंत्रांच्या यादीतली लपलेली नावे उघडली. जुन्या स्कॅनरचे नाव तेथे फिकट अक्षरांत होते.

मी म्हणालो, "शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर राहावे, आणि गुरुजींनी रोज हाक मारून थांबावे, तसे का?"

"बाप्पा! काका, आमच्या ऑफिसात इतकं सोपं कोणी सांगत नाही. नवा स्कॅनरही त्याच नावाला 'हजर' म्हणून राहिला, म्हणून तर भांडण."

मी चौथीनंतर शाळा सोडली. माझेही नाव पुढे बरेच दिवस पुकारले जात होते, असे ऐकले आहे. हे मी त्यांना सांगितले नाही.

त्यांनी ते फिकट नाव काढून टाकले. मागे उरलेल्या फायली काढल्या. नवा स्कॅनर पुन्हा जोडला. संगणक सुरू झाला. सर्व स्थळे जागेवर होती.

तेवढ्यात मंडळाचे चिटणीस आले.
"काय मॅडम, घावलं का? कॅमेऱ्यानंच केलं न्हवं समदं?"

ज्योत्स्नाबाईंनी माझ्याकडे पाहिले.
मी चष्मा पुसत होतो.

"हो जी," त्या म्हणाल्या. "माझ्याच कॅमेऱ्याचं होतं. आता नाही लावत."

ते गेल्यावर मी विचारले, "आपण असे का सांगितलेत?"
"तुम्हाला या गावात राहायचं आहे, काका. मी काय, आज इथं, उद्या आणखी कुठं."

पुढे त्या रस्त्याने निघाल्या की लोक म्हणत, "कॅमेरावाल्या बाई आल्या, कॉम्प्युटर झाका रं!" त्या हसत. मीही तेथे असे.

सहा महिन्यांनी त्यांनी मंडळाकडे अर्ज केला. दर रविवारी गावातील मुलींना मंडळाच्या संगणकावर विनामूल्य शिकवायचे होते. अकरा मुलींची नावे अर्जाला जोडलेली होती.

"पूर्वीचा अनुभव पाहता परवानगी देता येत नाही," असे उत्तर गेले.
त्याखाली सही माझी आहे. अक्षर सुवाच्य आहे.

गाव सोडताना त्यांनी मला हे खाते उघडून दिले. म्हणाल्या, "काका, इथं लिहीत जा. तुम्ही चांगलं समजावता."
आजवर मी येथे फक्त मेळाव्याच्या सूचना लिहिल्या.

जुन्या स्कॅनरचे नाव काढण्यास त्यांना पाऊण तास लागला होता. त्यांच्या नावावरचा दोष काढण्यास मला चार वर्षे लागली, आणि तेही त्या हे वाचू शकणार नाहीत अशा वेळी.

येत्या बैठकीत मी हे उभा राहून वाचणार आहे. त्या अकरा नावांचा अर्ज पुन्हा मांडणार आहे. अध्यक्षपद कोणाकडे द्यायचे, ते मंडळाने ठरवावे.

ज्योत्स्नाबाई, चूक माझी होती.

मंडळाच्या वतीने नव्हे, माझ्या एकट्याच्या वतीने ही श्रद्धांजली.